पान दोनशे चौदा, तत्रैव

टिंब कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात होतं. वरच्या कडेपासून चार मिलिमीटर, उजव्या कडेपासून सहा. व्यास एक मिलिमीटरहून किंचित कमी. ते शाईचं नव्हतं, पेन्सिलीचं होतं, कारण कार्ड खिडकीकडे तिरकं धरल्यावर ते शिशासारखं चमकलं. माशीचंही नव्हतं, कारण माशी कागद दाबत नाही आणि इथे कार्डाच्या मागच्या बाजूला नखाला लागेल असा बारीक उंचवटा होता. मोजायला तिने नवऱ्याची स्टीलची पट्टी घेतली होती. ती पट्टी किती चुकते हे सांगणारं प्रमाणपत्र पट्टीच्याच खोक्यात घडी करून ठेवलेलं होतं आणि ते तिने आज पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. मग पुन्हा मोजलं. चार आणि सहा. माणूस मोजत असतो तोवर त्याला काही ठरवावं लागत नाही, हे तिला रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं.

टिंबाखाली, निळ्या शाईत, तिच्या सव्वीस वर्षांपूर्वीच्या जरा जास्त गोल अक्षरात एक वाक्य होतं: माणूस दार लावून घेतो ते एकटं राहायला नव्हे, कुणीतरी ठोठवावं म्हणून. हे वाक्य आज दुपारी विद्यापीठाच्या वाचनालयात, वाचनकक्षाच्या दारावरच्या भिंतीवर तेलरंगात लिहिलं जाणार होतं. खाली जमीनदाराचं नाव. पुढच्या आठवड्यात ती निवृत्त होणार होती आणि निरोप म्हणून शाल, घड्याळ किंवा कुंडी देण्यापेक्षा काहीतरी कायमचं करावं असं विभागप्रमुखाच्या डोक्यातून निघालं होतं. तो तिचाच विद्यार्थी. त्याने काल फोन करून सांगितलं होतं की पेंटरला पुस्तकातून उतरवू द्यायचं नाही, मूळ कार्डावरूनच उतरवू द्यायचं, म्हणजे त्याला एक अर्थ राहील. तिने बरं म्हटलं होतं. मूळ कार्ड तिसऱ्या खणात होतं आणि तिसरा खण तिने अकरा वर्षांत उघडला नव्हता. सगळे खण दर उन्हाळ्यात पुसून निघत, तिसरा नुसता बाहेरून.

जमीनदार म्हणजे एकोणिसाव्या शतकातला तो स्लाव्ह कादंबरीकार, ज्याच्यावर तिने चौतीस वर्षं घालवली होती. त्याच्या नावाचे तीन भाग होते आणि लग्नानंतर पहिल्या महिन्यात नवरा दुसऱ्या भागात दोनदा अडकला होता. तेव्हापासून घरात तो जमीनदार झाला, मग विभागात झाला, आणि आता परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही अधूनमधून जमीनदार म्हणतो की असं यायचं. ती त्याच्यापर्यंत पोचली ती मातीतून. पदवीनंतर तिला एका संशोधन संस्थेत मृदाशास्त्राच्या परदेशी नियतकालिकांचे सारांश करायची नोकरी लागली होती, त्यासाठी भाषेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागला, आणि एकदा आम्लयुक्त जमिनींवरच्या अंकांच्या खोक्यात, बहुधा वजन जुळवायला म्हणून, एक नऊशे पानांची कादंबरी निघाली. कादंबरीत एका कुटुंबाच्या गाडीचं चाक मोडतं आणि ते दुरुस्त होईपर्यंत सगळे थांबतात. एवढंच. चाक सातशे चाळिसाव्या पानावर दुरुस्त होतं, पण तोवर कुणाला जायचंच नसतं. तिने ती खोक्याजवळ उभ्यानेच वाचायला घेतली, आणि जेवणाची सुटी संपली तेव्हा ती एकविसाव्या पानावर होती आणि तिचे पाय बधिर झाले होते. आम्लयुक्त जमिनींचा तो सारांश अजून झालेला नाही.

कामाची पद्धत तिने प्रयोगशाळेतून आणली होती. पांढरं कार्ड जमीनदाराचं, पिवळं आपलं. पांढऱ्यावर त्याचं वाक्य, तिच्या भाषांतरात, आणि खाली पानाचा आकडा. पिवळ्यावर तिला जे वाटलं ते. साहित्याच्या विभागात कुणी असं करत नाही, तिथे लोक लेखकाचं आणि स्वतःचं एकाच वहीत एकाच शाईत लिहितात आणि दहा वर्षांनी कोण कुठे संपतं हे त्यांनाही सांगता येत नाही, असं ती दर वर्षी पहिल्या तासाला सांगायची. पांढरं त्याचं, पिवळं माझं. विद्यार्थी हे वाक्य तिच्या आवाजात म्हणून दाखवायचे. अकरा हजार पांढरी कार्डं होती, चार हजारांच्या आसपास पिवळी, आणि चौतीस वर्षांत एकदाही, असं ती सांगायची, एकदाही सरमिसळ झाली नव्हती.

या कार्डावर पानाचा आकडा नव्हता.

ती दुपार आठवायला तिला प्रयास पडले नाहीत. खण उघडल्याबरोबर ती तिथेच होती, इतकी वर्षं दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्यासारखी. नवरा तेव्हा वजनमापं खात्यात निरीक्षक होता. दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची. त्याच्याकडे मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी प्रमाण वजनं असायची आणि ती त्याच्याखेरीज कुणी हाताने उचलायची नाहीत, घामाने वजन बदलतं. त्या दिवशी त्याने खोकं आवरायला काढलं, प्रत्येक वजनाला तपासणीच्या तारखेची चिठ्ठी हवी होती, आणि घरात जाडसर, नीट कापला जाईल असा कागद म्हणून त्याला तिची पिवळी कार्डं सापडली. पाकिटात उरलेली एकोणीस. त्याने ती पट्टी लावून, अगदी सरळ, बोटभर रुंदीच्या तुकड्यांत कापली. ती आली तेव्हा टेबलावर एकशे चौदा पिवळे तुकडे ओळीने मांडलेले होते आणि तो खुशीत होता. तिने काय म्हटलं ते तिला शब्दशः आठवत नाही, पण त्याने काय म्हटलं ते आठवतं. तो म्हणाला होता, वजन चुकलं तर माणसं फसतात, विचार चुकला तर कुणाचं काय जातं? मग तिने आणखी काहीतरी म्हटलं, त्यात सासूबाई आल्या असाव्यात, कारण त्या काळात प्रत्येक भांडणात त्या निदान एकदा येऊन जात, हयात नसल्या तरी. तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. दाराचा आवाज झाला. एकच. ती मागोमाग गेली होती. तिचा हात वर गेला होता, बोटं मुडपलेली होती, दारापासून वीतभर अंतरावर. तेवढ्यात तिला वाक्य सुचलं.

आणि सुचलेलं वाक्य हे ओंजळीतल्या पाण्यासारखं असतं, ते धरून दुसरं काही करता येत नाही. ती तशीच वळली, टेबलाशी आली. पिवळं कार्ड एकही शाबूत नव्हतं. तिने पांढरं घेतलं, वाक्य लिहिलं, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने टिंब दिलं: हे माझं, पिवळं आलं की उतरवायचं. तो एक तास पन्नास मिनिटांनी आपणच बाहेर आला, त्याने दोघांचा चहा केला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिवळ्या कार्डांची चाळीस पाकिटं घेऊन आला. दुकानदाराकडे तेवढीच होती. त्यातली बावीस अजून माळ्यावर आहेत. तोवर पांढरं कार्ड पांढऱ्यांत गेलं होतं, पान दोनशे चौदाच्या कार्डामागे.

तीन वर्षांनी ती पुस्तक लिहायला बसली. कार्डं एकामागून एक समोर येत होती. दोनशे चौदाचं आलं, तिने उतरवलं, तळटीप दिली. पुढचं आलं, आकडा नव्हता. टिंब तिला दिसलंही नसेल, दिसलं तरी ओळखू आलं नसेल. तिला आठवतं की तिला एवढंच वाटलं होतं, किती छान वाक्य आहे, आणि आपण आकडा टाकायला विसरलो, त्याच पानावरचं असणार. मग तिने तळटिपेत तोच शब्द लिहिला जो जगातले सगळे अभ्यासक आळसाला सोवळं नेसवायला वापरतात. तत्रैव. म्हणजे तिथेच. वर सांगितलं तिथेच.

पान दोनशे चौदावर बीट आहेत. तळघरात हिवाळ्यासाठी साठवलेल्या बीटांची यादी, पोती, प्रत, नासाडी, आणि शेवटी कारभाऱ्याची सही. जमीनदाराने ती पानभर दिली आहे, कारण चाक अजून दुरुस्त झालेलं नाही.

वाक्य मात्र पुस्तकातून उठलं आणि चालायला लागलं. आधी एका परीक्षणात आलं. मग एका दिवाणी न्यायाधीशाच्या भाषणात, मग एका मानसोपचारतज्ज्ञाच्या प्रतीक्षालयात चौकटीत. आणि मग तिच्याकडे एक विद्यार्थी आला, हडकुळा, फार प्रामाणिक, त्याला फक्त याच वाक्यावर प्रबंध लिहायचा होता. तिने त्याला म्हटलं होतं, एका वाक्यावर तीनशे पानं? तो म्हणाला होता, तीनशे बारा, मॅडम, आराखडा केलाय. पहिलं प्रकरण दार, दुसरं उंबरठा, तिसरं ठोठवणे, चौथं न ठोठवणे. तिने मार्गदर्शक म्हणून सही केली. आता तो विभागप्रमुख होता, दोन मुलींचा बाप होता, आणि विद्यार्थी मागून त्याला दारवान म्हणायचे. त्याने पुढे त्या वाक्यावर दोन दिवसांचा परिसंवाद घेतला होता. ठोठवणारा तो ईश्वर की शासनसंस्था यावर पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी असं मांडलं की दार मुळात नाहीच, आणि जेवणानंतरच्या सत्रात ते बऱ्याच जणांना पटलं. ती अध्यक्षस्थानी होती. समारोपात तिने म्हटलं की लेखकाला हे सगळं ऐकून आश्चर्य वाटलं असतं. लोक हसले. तेव्हा तिला अजून माहीत नव्हतं. आता ते आठवलं की ती खुर्चीत जराशी सरकते, जणू खुर्चीत खिळा आहे.

माहीत झालं ते अकरा वर्षांपूर्वी, पत्राने. जमीनदाराच्या गावी त्याचं घर जपून ठेवलेलं आहे आणि तिथे एक वृद्ध देखरेख करणाऱ्या बाई असतात. त्यांनी लिहिलं होतं की तुमचं पुस्तक आमच्याकडे एका प्रवाशाने तोंडी भाषांतर करत वाचून दाखवलं, आणि ते वाक्य ऐकून आम्ही ते मुळात शोधायला घेतलं. तीन हिवाळे शोधलं. त्या वाक्याचा आत्मा आम्हाला प्रत्येक पानावर भेटला, वाक्य कुठेच भेटलं नाही. तळटिपेतलं पान आमच्या प्रतीशी जुळत नाही, आपण कृपया नेमकं पान कळवाल का? तिने त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी, दोनशे चौदावं पान उघडलं आणि बीट वाचले. मग दोनशे तेरा, दोनशे पंधरा. मग पहिल्यापासून सगळं. नऊशे पानं वाचायला सतरा दिवस लागले, आणि शेवटी तिला वाटलं की जमीनदार बिचारा इतकं आटोपशीर वाक्य लिहूच शकला नसता, त्याला दार लावायलाच चाळीस पानं लागली असती. मग तिने तिसऱ्या खणातून ते कार्ड काढलं, टिंब ओळखलं आणि खण लावून टाकला. तिने बाईंना लिहिलं की दुसऱ्या आवृत्तीत असण्याची शक्यता आहे, शोधते. हे खोटं नव्हतं. आवृत्त्या सहा होत्या. वर्षाला एक या हिशेबाने तिने त्या तपासल्या आणि त्यात सहा वर्षं अब्रूनिशी निघाली. दरम्यान बाईंनी वाट न पाहता वाक्य आपल्या भाषेत उलट भाषांतर करून घेतलं होतं, आणि त्या भाषेत ते आणखी चांगलं वाटत होतं, एवढ्या थंडीत दारांना वजन असतं. त्यांनी पोस्टकार्डं छापली. वर जमीनदार, त्याची ती छातीवर रुळणारी दाढी, आणि दाढीखाली वाक्य. एक तिला आलं. ते नवऱ्याने चुंबक लावून फ्रिजवर डकवलं, आणि गेली आठ वर्षं ती रोज सकाळी दूध काढताना परक्या लिपीतलं स्वतःचं वाक्य वाचत होती. त्या देशातल्या एका प्राध्यापकांनी मग लेख लिहिला की या वाक्याची लय जमीनदाराच्या इतर गद्याहून वेगळी आहे, ते त्याने बहुधा आजारपणात लिहिलं असावं. हा एक लेख तिला सगळ्यांत शास्त्रशुद्ध वाटला होता.

दर वर्षी ती ठरवायची. यंदा लिहून टाकायचं. एक चार ओळींचं शुद्धिपत्र, कुठल्याही छोट्या नियतकालिकात. मसुदा तयार होता, त्याच्या नऊ प्रती होत्या, प्रत्येक आधीच्याहून लहान. पण शुद्धिपत्र आलं की पहिला प्रश्न येणार, बाकीच्या अकरा हजार पांढऱ्यांतली किती तुमची? आणि तिला उत्तर माहीत होतं, एकही नाही, पण हे उत्तर देणारीच ती असणार होती जिने एकदाही सरमिसळ झाली नाही असं चौतीस वर्षं सांगितलं. खोटं वजन सापडलं की नवरा अख्खा तराजू जप्त करायचा. आणि तीनशे बारा पानांचं काय? दारवानाचं काय? शिवाय आणखी एक गोष्ट होती आणि ती तिने मसुद्याच्या एकाही प्रतीत घातली नव्हती. कबुली म्हणजे बढाई होती. जमीनदाराचं सगळ्यांत सुंदर वाक्य मी लिहिलं, असं एखादी बाई चारचौघांत म्हणाली तर ती वेडी तरी वाटते नाहीतर फार चढेल. आणि ती चढेल होती. त्या पत्रानंतरच्याच वर्षी एका समीक्षकाने लिहिलं होतं की जमीनदाराने हे एकच वाक्य लिहिलं असतं तरी तो उरला असता, ते तिने बसमध्ये वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की शेजारच्या बाईने तिला काय झालं म्हणून विचारलं. पेढे वाटावेत इतका आनंद आणि चोरी पकडली जावी इतकी लाज, दोन्ही एकाच थांब्यावर. त्या आठवड्यात तिने गुपचूप आणखी एक वाक्य लिहून पाहिलं, पिवळ्या कार्डावर, रीतसर. ते भिंतीवरच्या कॅलेंडरखाली छापलेल्या सुविचारासारखं झालं. मग लिहिलं नाही.

नवऱ्याला तिने काही सांगितलं नव्हतं. पुस्तक आलं तेव्हा त्याने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, छपाईच्या एकतीस चुका काढल्या होत्या, आणि त्या वाक्यापाशी थांबून एक प्रश्न विचारला होता.

"तुझ्या जमीनदाराला बायको होती का गं?"

"होती."

"मग तिने ठोठवलं का?"

"त्याची नोंद नाही," ती म्हणाली होती, आणि तो बरं म्हणून पुढच्या पानावर गेला होता.

आता बारा वाजत आले होते. तिने कार्ड चष्म्याच्या डबीत ठेवलं, चष्मा डोळ्यांवर असल्यामुळे डबी रिकामीच होती, आणि पायात चपला घातल्या. नवरा दारात तयार उभा. निवृत्त झाल्यापासून त्याला तपासायला काही उरलं नव्हतं आणि तेलरंग तीस वर्षं हलत नाही, ओळ वाकडी लागली तर तीस वर्षं वाकडी, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने गवंड्यांकडे असते तशी, बुडबुड्याची लेव्हल काखेत घेतली होती. बसमध्ये एका गृहस्थाने त्याला विचारलं, घर बांधताय का? तो म्हणाला, नाही, हिचं एक वाक्य आहे, ते सरळ लागतंय का बघायला चाललोय. हिचं म्हणजे हिच्या लेखकाचं, असंच त्याला म्हणायचं असणार. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि पुढचे चार थांबे तिने मोजले.

वाचनकक्षाच्या दाराशी शिडी लागलेली होती. पेंटर वयस्कर, बारीक अंगाचा, कानावर खडू. त्याने दोरीला नीळ लावून भिंतीवर आधीच रेघा मारून ठेवल्या होत्या आणि नवऱ्याने जाऊन पहिल्याच रेघेला लेव्हल लावली. तीन मिलिमीटर, तो म्हणाला. पेंटरने शिडीवरून खाली पाहिलं, नवऱ्याने वर, आणि दोन माणसांची अशी ओळख झाली जी पुष्कळांची वर्षानुवर्षं होत नाही. पेंटरने रेघ पुसून पुन्हा मारली. ग्रंथपाल दाराला टेकून उभे होते. ते वाचनालयाबाहेरही कुजबुजत बोलत आणि त्यांच्या घरी म्हणे टीव्हीही मुका लावत. दारवान आला, नवा सदरा घालून, तिच्या पाया पडायला वाकला आणि लेव्हलला धडकला. तिने डबीतून कार्ड काढलं. त्याने ते दोन्ही हातांत घेतलं, एखाद्याने तान्हं मूल घ्यावं तसं, बराच वेळ बघितलं, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. टिंबावर त्याचा अंगठा होता.

वर पेंटर लिहीत होता. त्याचं अक्षर सुरेख होतं आणि त्याला घाई नव्हती. माणूस. दार. ती खाली उभी राहून आपलं वाक्य एकेक अक्षराने ओलं होताना बघत होती. तिला वाटलं, हे वाळेपर्यंत बोलायला हवं. तेलरंग किती वेळात वाळतो हे तिला माहीत होतं, तेलाचं ऑक्सिडीकरण, हवेतली आर्द्रता धरून साधारण सहा तास, म्हणजे वेळ होता, म्हणजे संध्याकाळी घरी गेल्यावर शांतपणे विचार करून, म्हणजे पुन्हा तेच. ठोठवावं म्हणून पर्यंत आल्यावर पेंटरने ब्रश डब्याच्या काठावर निथळला आणि आपण इतका वेळ काय लिहिलं ते मान मागे घेऊन वाचलं.

"कुणी लिहिलंय हे, साहेब?"

दारवानाने नाव सांगितलं, तिन्ही भाग, न अडखळता. मग सांगितलं की दार म्हणजे इथे लाकडी दार समजायचं नाही, त्या काळच्या एकूण आत्म्याची जी अवस्था होती ती समजायची. पेंटरने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, त्यातलं आपल्याला काही कळत नाही, पण हे आमच्याच घरातलं वाटतं. त्याचा थोरला भाऊ असा होता. रुसला की आतल्या खोलीत जायचा आणि दार लोटून घ्यायचा.

"कडी मात्र कधी लावली नाही त्याने," पेंटर म्हणाला. "आई स्वैपाकघरातून सांगायची, कडी वाजली नाही ना? मग जा, हाक मार त्याला. जेवायला वाढलंय."

दारवान हसला, अभ्यासक्रमाबाहेरचं उत्तर देणाऱ्या हुशार विद्यार्थ्याकडे बघून हसावं तसं, आणि म्हणाला की हे फार रोचक आहे, पण कडीचा उल्लेख संहितेत येत नाही.

ती नवऱ्याकडे बघत होती. तो भिंतीशी उभा होता, लेव्हल दोन्ही हातांनी धरून, बुडबुड्याकडे डोळे बारीक करून. त्याचे केस मागे विरळ झाले होते आणि सदऱ्याची कॉलर एका बाजूने आत गेली होती. त्या दुपारी दाराचा एकच आवाज झाला होता. तिने तो आता पुन्हा ऐकला, प्रयोगाची जुनी नोंद पुन्हा वाचावी तसा, आणि तो खरोखर एकच होता. दार लागल्याचा. त्यानंतर कडीचा यायला हवा होता, तो आला नव्हता. हे तिला तेव्हाही कळलं होतं. कळल्याशिवाय ते वाक्य सुचलंच नसतं. संबंध पृथ्वीच्या पाठीवर त्या क्षणी दाराबाहेरच्या त्या एका बाईला नेमकं ठाऊक होतं की आतला माणूस कशाची वाट बघतोय, आणि ती हात खाली घेऊन कार्ड शोधायला गेली होती. तो एक तास पन्नास मिनिटं आत बसला होता. अकरा वर्षं तिला वाटत होतं की आपली चूक तत्रैव ही आहे. तिला हसू आलं, आणि ते फार ठिकाणी टोचलं.

"खाली नाव घालायचं ना?" पेंटरने विचारलं. ग्रंथपालांनी नावाची चिठ्ठी वर केली. पेंटरने ती बघितली, एवढ्या लांबीच्या नावाला किती जागा लागेल त्याचा अंदाज घेत खडूने तीन खुणा केल्या, आणि ब्रश बुडवला.

"नाव नको," ती म्हणाली.

ब्रश थांबला. ग्रंथपालांना बरंच वाटलेलं दिसलं, चिठ्ठीतला दुसरा भाग त्यांनाही वाचता येत नव्हता. नवरा म्हणाला, खरंच नको, वाक्याखाली मोकळी जागा बरी दिसते. दारवान मात्र क्षणभर विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उजळला, त्यालाही यात अर्थ दिसला होता, आणि तो निनावीपणावर काहीतरी बोलायला लागला. एवढ्यावर सगळं भागलं असतं. कुणी पुढे काही विचारलं नसतं, भिंत रिकामी राहिली असती, वाक्य राहिलं असतं, तिने खोटं लिहू दिलं नाही असं तिला रोज सकाळी फ्रिज उघडताना म्हणता आलं असतं. शुद्धिपत्राची ही दहावी प्रत होती, दोन शब्दांची, आतापर्यंतची सगळ्यांत लहान. तिने दारवानाच्या हातातून कार्ड काढून घेतलं. त्याचा अंगठा उचलला गेला, खाली टिंब तसंच होतं. ती नवऱ्यापाशी गेली आणि तो हातातला बुडबुडा बघत असतानाच तिने मुडपलेल्या बोटांनी लेव्हलच्या लाकडावर दोनदा टकटक केलं. त्याने वर पाहिलं.

"वाक्य माझं आहे," ती म्हणाली. आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, आणि ग्रंथपाल दचकले. "दोनशे चौदा पानावर नुसते बीट आहेत. हे मी लिहिलं, आमच्या घरी, ह्यांच्या दाराबाहेर उभी राहून. तेव्हा ठोठवायला हवं होतं."